वर दोरी नाही

आठ दिवसांच्या प्रवासाला निघताना आमच्या घरात अकरा दिवसांचे कपडे घेतात. हा आईचा हिशेब. जितके दिवस तितके जोड, अधिक तीन. एक भिजला तर, एकावर काही सांडलं तर, आणि एक 'असू दे' म्हणून. या 'असू दे'चा खुलासा तिनं आजवर कुणाला केलेला नाही. अलिबागला दोन दिवस गेलो तेव्हा मी पाच शर्ट नेले होते. त्यातले तीन घडी न मोडता परत आले, तरी दारातच तिनं विचारलं, "पुरले ना?"

त्यामुळे सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठ दिवसांसाठी अंतराळ स्थानकावर गेल्या आणि त्यांची कपड्यांची बॅग खालीच राहिली, ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा आईनं मेथी निवडणं थांबवलं.

"विसरली?"

"विसरली नाही गं. उतरवून ठेवली. जागा हवी होती."

"कशाला?"

"पंपाला."

बातमी खरी होती. स्थानकावर लघवीचं पुन्हा पाणी करणारं एक यंत्र आहे, त्याचा पंप मे महिन्याच्या अखेरीस बंद पडला. नवा पंप सत्तर किलोच्या आसपास. तो ताबडतोब वर पाठवायचा तर स्टारलायनर यानातून तेवढं वजन कमी करायला हवं. मग सुनीता आणि त्यांचे सहकारी बुच विल्मोर या दोघांच्या दोन बॅगा, म्हणजे आपापल्या आवडीचे कपडे, शाम्पू वगैरे, खाली ठेवल्या आणि पंप चढवला. वर शिलकीतले कपडे असतात. आठ दिवसांचा तर प्रश्न.

पंप म्हटल्यावर आईचा सूर एकदम बदलला. त्याच मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा पंप जळला होता. पार्किंगवरून ज्या दोन मजल्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, त्यांचे कर्ते पुरुष खांद्याला खांदा लावून मेकॅनिकच्या डोक्यावर टॉर्च धरून उभे होते. नवा पंप रिक्षातून उतरला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहायचंच काय ते बाकी होतं. आपल्याकडे पंप गेला की पिंपं रिकामी होतात. तिथे पंप गेला की भरायला लागतात, कारण यंत्रात जाणारा माल साठवून ठेवायला लागतो. एवढाच काय तो फरक.

"पंप असेल तर बरोबर केलं त्यांनी," आई म्हणाली. "कपडे काय, अंगावरचे आहेतच."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. यान बिघडलं, त्यातून माणसं परत आणणं धोक्याचं ठरलं, आणि आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. त्या उतरल्या १८ मार्च २०२५ रोजी, तेही दुसऱ्याच यानातून. ऑगस्टमध्ये सिग्नस नावाचं मालवाहू यान गेलं, त्यात या दोघांसाठी कपडे होते. म्हणजे मधले दोन महिने काढले ते शिलकीवर. आईच्या सूत्रानं अकरा जोड झाले असते. 'असू दे'चा जोडही इथे तोकडा पडला, आणि हे तिला लागलं असावं, कारण त्यानंतर मी कोल्हापूरला जाताना तिनं बॅगेत आणखी एक शर्ट कोंबला.

पण तिचा खरा प्रश्न दुसराच होता. "अरे, मग धुऊन का नाही घालत?"

तर, तिथे धुणंच नाही. २ नोव्हेंबर २००० पासून स्थानकावर माणूस नाही असा एक दिवस गेलेला नाही. पण धुण्याचा दिवस म्हणावा असाही एक दिवस तिथे उगवलेला नाही, आणि तिथे चोवीस तासांत सोळा वेळा उजाडतं. सोळा वेळा ऊन आणि दोरीवर एक टॉवेल नाही. श्रावणात तीन तीन दिवस पंख्याखाली मोजे फिरवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल याचा कुणी विचार करत नाही.

कारण साधं आहे. धुण्याचं सगळं शास्त्र 'खाली' या एका शब्दावर उभं आहे. पाणी खाली पडतं, मळ खाली बसतो, पिळ्याची धार खाली जाते, दोरीवरचा शर्ट खाली लोंबतो. वर गेलं की 'खाली' संपतं. बादली भरता येत नाही, कारण पाण्याला बादलीत बसून राहायचं काही कारण उरत नाही. फेस वर येऊन पाण्यापासून सुटा होत नाही, दोघे मिळून मनाला येईल तिकडे जातात. २०१३ साली कॅनडाचे ख्रिस हॅडफील्ड यांनी आपल्या देशातल्या दोन शाळकरी मुलींच्या सांगण्यावरून तिथे एक ओला रुमाल पिळून दाखवला. पाणी निघालं, पण पडलं नाही. आधी रुमालाभोवती काचेच्या नळीसारखं जमलं, मग सरकत सरकत त्यांच्या हातांवर आलं आणि जेलीसारखं चिकटून बसलं. हात सोडले, तर रुमाल पीळ घातलेल्या अवस्थेत तसाच हवेत. आईला मी तो व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "पिळताच येत नाहीये त्याला." मी गुरुत्वाकर्षण समजावू लागलो. तिचं म्हणणं, ते सगळं ठीक आहे, पण मनगटातही जोर नाही.

धुणं नाही, तर मग रेशन आलं. नासानं घालून दिलेला साधारण हिशेब असा: शर्ट आणि पँट दहा दिवसांतून एकदा बदलायची, आतले कपडे आणि मोजे एक दिवसाआड, व्यायामाचे कपडे तीन दिवसांनी. असं करूनही माणशी वर्षाला सत्तर किलोच्या आसपास कपडे वर चढवावे लागतात. आणि चढवायचा खर्च किलोमागे हजारो डॉलरमध्ये. आमच्या इस्त्रीवाल्यानं नगामागे एक रुपया वाढवला तर आम्ही मीटिंग बोलावतो.

व्यायामाचे कपडे हा यातला खरा कठीण भाग. वजनरहित अवस्थेत हाडं आणि स्नायू खंगतात म्हणून तिथे रोज दोन दोन तास व्यायाम सक्तीचा. पण तिथे घाम गळत नाही. 'घाम गाळणे' हा वाक्प्रचार स्थानकाच्या चारशे किलोमीटर उंचीवर लागू नाही. घाम निघतो आणि निघाल्या जागी बसतो, साचतो, जाडजूड होतो, पाठीवर तळं करून राहतो. तो टॉवेलनं टिपून घ्यायचा. मग तोच टी-शर्ट उद्या, आणि परवा.

मी हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे यातलं मला काहीच नवं वाटलं नाही. आमच्या खोलीत एक खुर्ची होती. तिच्यावर कधी कुणी बसलेलं मला आठवत नाही. ती 'मळलेले नाहीत, पण धुतलेलेही नाहीत' या वर्गातल्या कपड्यांसाठी होती. सकाळी त्या ढिगातला एक उचलायचा, नाकाशी न्यायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निर्णय द्यायचा. आम्हाला वाटायचं हा आमचा गबाळेपणा. नासात ते खातं आहे. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स केंद्रात हुंगणाऱ्यांचं एक पथकच असतं. अंतराळात माणसांसोबत बंद जागेत राहणारी वस्तू, मग ती कापड असो की शाई, आधी त्यांच्या नाकाखालून जाते, आणि ते तिला ० ते ४ यांतले गुण देतात. इथे गुण जितके कमी तितकी वस्तू चांगली. जॉर्ज ऑल्ड्रिच नावाच्या गृहस्थांनी या कामात कित्येक दशकं घालवली. वर गेल्यावर खिडकी उघडता येत नाही, एवढं साधं कारण त्यामागे आहे. आमच्या घरी हे पथक एका व्यक्तीचं आहे, आणि ती आकडे न सांगता नुसतं "शी!" म्हणते.

जपानी लोकांनी मात्र प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं हात घातला. धुवायचं नसेल तर वासच येऊ द्यायचा नाही. २००९ साली कोइची वाकाता यांनी स्थानकावर खास कापडाची एक अंडरपँट साधारण महिनाभर न बदलता वापरली. कापड जंतू वाढू न देणारं, वास धरून न ठेवणारं. शास्त्रीय शिस्तीचा भाग म्हणजे त्यांनी हे बरोबरच्या कुणाला सांगितलं नव्हतं. परतीच्या वेळी त्यांनी गुपित फोडलं आणि महिनाभरात कुणाची तक्रार आली नाही, हा निष्कर्ष जाहीर केला. माझ्या खोलीतल्या एका भिडूनं हाच प्रयोग साध्या सुती कापडावर, कुठल्याही अनुदानाशिवाय केला होता. आमच्या तक्रारी होत्या. त्याचा निष्कर्ष मात्र कुठेच छापून आला नाही.

या सगळ्यांत मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे डॉन पेटिट. हे २००२ च्या नोव्हेंबरात वर गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया शटल कोसळलं, शटलांची ये-जा थांबली, आणि यांचा मुक्काम लांबला. कपडे मोजके, त्यात काटकसर आली. त्यांनी काय करावं? वापरून झालेली एक चड्डी घेतली, तिचा गोळा केला, ओला केला आणि त्यात टोमॅटोचं आणि बेझिलचं बी पेरलं. अंकुर आले. अमेरिकेसारख्या 'वापरा आणि फेका'च्या देशातल्या माणसाला हे सुचलं याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे बनियन मरत नाही. ती आधी घरात घालायची होते, मग रंगपंचमीची, मग फर्निचर पुसायची, मग ओट्याची, मग स्कूटरची, आणि शेवटी पेट्रोलच्या वासाची एक चिंधी होऊन डिकीत समाधी घेते. पेटिट यांनी या मालिकेत कुंडी ही एक पायरी वाढवली. आईला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. टोमॅटोपर्यंत ती हसत होती. बेझिल म्हणजे काय, असं तिनं विचारलं आणि मी बेसावधपणे सांगून गेलो की आपल्या तुळशीचीच विलायती चुलतबहीण. त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे पेटिट हे नाव काढायची सोय नव्हती.

आंघोळीचं फार सांगण्यासारखं नाही. १९७३ मध्ये स्कायलॅबवर घडीचा शॉवर होता. गोल पडदा वर ओढायचा, आत मोजकं पाणी फवारायचं आणि मग ते सगळं पाणी थेंब थेंब ओढून घ्यायचं. एका आंघोळीला अडीच तासांच्या घरात वेळ जाई. पुढे तो नाद सोडला. आता ओला टॉवेल फिरवायचा, न धुवायचा शाम्पू केसांत चोळायचा आणि टिपून काढायचा. आपण तिला कावळ्याची आंघोळ म्हणतो. नखं कापायची ती हवा ओढणाऱ्या जाळीशेजारी बसून, म्हणजे कात्रण कुणाच्या डोळ्यात जात नाही. कारण हवेत सुटलेली प्रत्येक वस्तू, चमचा असो की नखाचा तुकडा, शेवटी त्या जाळीवर येऊन चिकटते. घरात हरवलेलं सगळं एकाच ठिकाणी सापडतं अशी ती एकमेव वास्तू असेल. मोजे काढायचे तेसुद्धा हळूच. तिथे कुणी चालत नाही, त्यामुळे तळव्यांची जाड कातडी सुटून येते. झटक्यात मोजा ओढला तर तिचे कपटे खोलीभर. उलट पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण दिवसभर पाय दांड्यांमध्ये अडकवून उभं राहायचं.

आता तो विषय. कुठल्याही अंतराळवीराला शाळेत बोलावलं की मुलं जो प्रश्न विचारतात आणि बाई ज्यावर डोळे वटारतात, तो. अ‍ॅलन शेपर्ड ५ मे १९६१ रोजी अंतराळात जाणारे पहिले अमेरिकन झाले. उड्डाण होतं पंधरा मिनिटांचं, म्हणून सोय केलीच नव्हती. प्रक्षेपण तासन् तास लांबलं, आणि शेवटी त्यांनी परवानगी घेऊन सूटमध्येच कार्यभाग उरकला. अपोलोच्या वेळी पिशव्या होत्या, चिकटवायच्या. त्या पिशव्यांविषयी एकाही अंतराळवीरानं चांगला शब्द काढल्याचं माझ्या वाचनात नाही. मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्राभोवती फेऱ्या मारून आलं. चंद्रावर उतरायची ती रंगीत तालीम होती, आत टॉम स्टॅफर्ड, जॉन यंग आणि यूजीन सर्नन असे तीन नामांकित वैमानिक. आणि मध्येच स्टॅफर्ड यांना केबिनच्या हवेतून एक तुकडा सावकाश तरंगत जाताना दिसला. त्यांनी घाईनं रुमाल मागितला. पुढचा संवाद अधिकृत नोंदीत शब्दशः टाइप केलेला आहे. तिघांनीही एकामागून एक सांगितलं की हा माझा नव्हे. त्या क्षणी चंद्रापाशी फक्त तीन माणसं होती, आणि तो तिघांचाही नव्हता. आमच्या जिन्यातली पानाची पिंकही गेली अकरा वर्षं अशीच कुणाची नाही.

आता संडास आहे, आणि तो हवेच्या ओढीवर चालतो. पाण्याचं काम हवेनं करायचं. २०२० मध्ये नवा पाठवला, त्याच्या खटाटोपाचा खर्च २ कोटी ३० लाख डॉलर. शटलच्या काळात तर बैठकीचं तोंड जेमतेम दहा सेंटिमीटर असे, त्यामुळे नेम महत्त्वाचा. त्यासाठी ह्यूस्टनला सरावाची बैठक होती, तिच्या खाली कॅमेरा आणि समोर पडदा. लढाऊ विमानं रात्री जहाजावर उतरवणारी माणसं तिथे बसून, समोर बघत, चुकत-माकत शिकायची. आपल्याला वाटतं अंतराळवीर होण्यासाठी गणित लागतं.

जेवणाचं बरं आहे. पाव नेत नाहीत, कारण त्याचे कण उडतात आणि यंत्रांत जातात. १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला यांनी बरोबर तोर्तिया नेल्या, तेव्हापासून तिथे तोर्तियाच. म्हणजे पाश्चात्त्य जगाला पोळी पटायला अंतराळात जावं लागलं. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला अठरा दिवस स्थानकावर होते, त्यांनी गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. आमरस ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर शर्ट. दहा दिवस चालवायचा शर्ट आणि आमरस! पण नंतर लक्षात आलं, तिथे रस शर्टावर सांडतच नाही. तो गोळा होऊन तरंगत जातो आणि दुसऱ्याच्या शर्टाला लागतो.

राहता राहिला मळक्या कपड्यांचा शेवट. आपल्याकडे बोहारीण येते. आठ साड्या आणि एक चांगली पँट घेऊन एक पातेलं देते, आणि ते पातेलं गळकं आहे हे दुसऱ्या दिवशी कळतं. चारशे किलोमीटरवर बोहारीण पोचलेली नाही. तिथे मळके कपडे रिकाम्या मालवाहू यानात भरतात, सोबत बाकीचा कचरा, संडासातल्या बंद डब्यांसकट. मग यान सोडून देतात. ते वातावरणात शिरतं आणि जळतं. हे सहसा दक्षिण पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागावर घडवतात, त्यामुळे कोजागरीला गच्चीवर तारा तुटताना दिसला तर खुशाल इच्छा मागावी. तो कुणाचा मोजा असण्याची शक्यता फार कमी.

पण चंद्रावर मुक्काम करायचा, मंगळावर जायचं, तर दरवेळी असं जाळून भागणार नाही. म्हणून २०२१ मध्ये नासानं टाइड साबण बनवणाऱ्या कंपनीशी करार केला आणि अंतराळासाठी साबण करायला घेतला. कमीत कमी पाणी, आणि ते धुण्याचं पाणी पुन्हा शुद्ध करून पिता आलं पाहिजे, ही अट. आपल्याकडे साबणाच्या जाहिरातीत शुभ्रपणा दाखवतात. इथे गिऱ्हाइकाला तेच पाणी पाजून दाखवायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी स्थानक आमच्या डोक्यावरून जाणार होतं. वेळ काढून ठेवली होती. आईला गच्चीवर नेलं. तिथे दोऱ्यांवर अख्ख्या इमारतीचं धुणं, त्यातून वाट काढत उभे राहिलो. ठिपका नैर्ऋत्येकडून आला, न लुकलुकता, आवाज नाही, चार-पाच मिनिटांत पार. आईनं मान वळवत वळवत शेवटपर्यंत पाहिला. मग आमच्या दोरीवरचा टॉवेल चाचपला. दमट होता.

"त्यांचे टॉवेल कुठे वाळत घालतात रे?"

"आतच. भिंतीला अडकवून. ओल हवेत जाते, यंत्र ती ओढून घेतं."

"आणि?"

"आणि तिचं पाणी करतं. घामाचं, श्वासाचं, लघवीचं, सगळ्याचं. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग परत मिळतात. तेच पितात. २००९ साली पहिल्यांदा प्यायले तेव्हा पिशव्या एकमेकांवर आपटून चिअर्स केलं होतं."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. खाली गेटवर टँकर लागला होता. सोसायटीचे दोन जण पाइप धरून होते आणि तिसरा, पाणी गढूळ का आहे म्हणून टँकरवाल्याशी भांडत होता.

"जा," ती चिमटे काढत म्हणाली, "त्याला सांग, भांडू नको म्हणावं."